फरशीने जपलेली पावलं

दुपारी आबांच्या खोलीतून दोन माणसांची पावलं ऐकू यायची. आत मात्र आबा एकटेच असायचे.

एक पाऊल जड, घासत येणारं. ते माझ्या आजोबांचं, म्हणजे आबांचं. दुसरं कुणा तरुण माणसाचं, ठाम. दाराला कान लावला की माझ्या अंगावर काटा यायचा.

आबांना पार्किन्सन (कंपवात) झाला होता. हात थरथरायचा. उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. मग आम्ही सगळे धावायचो. "आबा, बसा! मी आणते." पाणी, चष्मा, पेपर, सगळं हातात. बाबांनी तर चाकांची खुर्चीच बनवायला टाकली होती.

"एकदा खुर्ची आली की चालणं बंद," बाबांनी बजावलं. आबा खाली मान घालून फरशीकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटलं.

त्या दुपारी मी धीर करून दार ढकललं. खोलीतली मधली फरशी ट्रेडमिलच्या पट्ट्यासारखी मागे सरकत होती. तिच्यावर पायांचे निळे ठसे आपोआप उमटत होते. टाच, चवडा, टाच, चवडा. त्या पायांवर माणूसच नव्हता! ठशांमागून आबा चालत होते. पडू नये म्हणून छताला टांगलेल्या पट्ट्याने कमरेला बांधलेले, घामाने निथळत.

"आबा, कोण आहे ते?" मी किंचाळलेच.

"मीच," आबा धापा टाकत म्हणाले. "आजारी पडण्यापूर्वीचा."

त्यांनी फरशी थांबवली. आबा शास्त्रज्ञ. घरातली संवेदक फरशी (पावलांचा भार ओळखणारी) त्यांनीच बनवलेली. कोणी पडलं तर तिला लगेच कळतं, आणि प्रत्येक पाऊल ती जपून ठेवते, हवं तेव्हा आवाजासकट पुन्हा उमटवते.

"आजी गेली, तिचीसुद्धा?" मी हळूच विचारलं.

"आहेत. पण ती नाही लावत मी."

"मेंदूत खोलवर काही पेशी डोपामिन बनवतात (हालचालीचा निरोप पोचवणारं रसायन)," आबा सांगू लागले. "या आजारात त्या हळूहळू मरतात. निरोप अडखळतो, पाऊल थिजतं."

"मग आराम नको का करायला?"

"तिथेच फसता तुम्ही सगळे! नुसतं बसलं की उरलंसुरलं बळही जातं. उलट तीव्र व्यायाम (धड बोलताही येणार नाही इतका दम लागेल असा) नेमाने केला, तर आजाराचा वेग कमी होत असावा, असं संशोधकांना दिसू लागलंय. अशा व्यायामात मेंदू पेशींना जपणारी द्रव्यं जास्त बनवतो, असा अंदाज आहे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. गोळ्याही सुटत नाहीत. पण उरलेल्या पेशी जपता आल्या तर?"

"आणि हे ठसे?"

"आतला निरोप अडखळला, तर बाहेरून खूण हवी. ठसा दिसला, ठेका ऐकू आला की पाय सुटतो."

"डॉक्टरांना माहीत आहे?"

"माझं हृदय तपासून त्यांनीच परवानगी दिली. घाबरट आहे तो तुझा बाबा. मला घाम आलेला दिसला की पंखा लावतो!"

खुर्ची आली त्या दुपारी बाबा ती ढकलत आबांच्या दाराशी आले. मी दाराला कान लावला. आतून एकच पाऊल ऐकू येत होतं. ते तरुण, ठाम पाऊल. आबांचं घासतं पाऊल नव्हतंच.

"बाबा, आबा पडले!"

दार उघडलं. आबा चालत होते. त्यांचं प्रत्येक पाऊल निळ्या ठशावर बरोबर पडत होतं. दोन्ही आवाज एक झाले होते.

आबांनी पट्टा सोडला, ठसे विझले. ते उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. पाय चिकटले. बाबा खुर्ची पुढे करणार, तोच मी त्यांचा हात धरला. जोरजोरात पाय आपटत मी म्हणाले, "एक, दोन! एक, दोन!"

आबांनी पाऊल उचललं आणि उंबरा ओलांडला.

बाबा मटकन खाली बसले, त्याच खुर्चीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

अजूनही दुपारी त्या खोलीतून दोनच माणसांची पावलं ऐकू येतात. पण आता आत तिघं असतात. पूर्वीचे आबा आणि आत्ताचे आबा एकाच ठेक्यात चालतात. मागे पडणारं, घासणारं पाऊल बाबांचं असतं.