बाबांनी घडवलेली ताई

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्याच घरात घडलंय. रविवारी, भर दुपारी, आमच्या पुढच्या खोलीत.

बाबा मिक्सर, पंखे दुरुस्त करतात. थोरली ताई तापाने गेली आणि त्यांनी दुकानच बंद केलं. घरी बसून एक रोबोट करायला घेतला. तेलाच्या डब्याची छाती, नळाच्या पाइपचे हात, छत्रीच्या काड्यांची बोटं, डोक्याच्या जागी स्टीलचं पातेलं. उंची थेट ताईएवढी.

मोटर तेवढी बसवायची राहिली होती.

बाबा दिवसभर त्याच्याशीच बोलायचे. मी नेलेला चहा तसाच निवून जायचा.

एकदा मला राहवलं नाही. "बाबा, मी पण आहे घरात."

"तू काय, तू आहेसच की," ते म्हणाले. मान वर न करता.

माझा नुसता जळफळाट झाला. ताई होती तेव्हाही हेच. गेल्यावरही हेच!

त्या रविवारी बाबा मोटर आणायला बाहेर पडले. मी आतून कडी लावली आणि भांडी घासायला घेतली.

टिक... टिक...

पत्र्यावर काडी वाजावी तसं.

मी पुढच्या खोलीत आले. आवाज थांबला. फ्रिजची घरघरसुद्धा थांबली होती...

सकाळी रोबोटचं तोंड दाराकडे होतं. आता ते माझ्याकडे होतं.

खरं तर मी घाबरायला हवं होतं. मला राग आला.

"तू गेलीस ना, ताई? मग आता तरी बाबांना सोड माझ्यासाठी!"

मी पाना उचलला. रोबोटचा एक हात खोलून जमिनीवर ठेवला. दुसऱ्याचा नट फिरवायला लागले...

आणि माझ्या केसांतून काहीतरी फिरलं. गार. बारीक. पाच बोटं.

मी खाली पाहिलं.

जमिनीवर हात नव्हता.

तेवढ्यात दार वाजलं. "अगं, उघड लवकर!" बाबाच होते.

"आले, बाबा!"

आवाज माझा होता. पण मी तोंड उघडलंच नव्हतं. पाय मात्र आपोआप दाराकडे निघाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी, नीट. त्यांचे डोळे भरून आले.

मोटर पिशवीतून बाहेर निघालीच नाही. संध्याकाळी त्यांनी रोबोट भंगारवाल्याला देऊन टाकला.

"आता कशाला हवाय तो?" म्हणाले.

हल्ली ते माझ्याशी तासन्‌तास बोलतात. माझ्याशिवाय जेवत नाहीत. मला हवं होतं ते सगळं मिळालंय.

फक्त हाक मारताना ते ताईचं नाव घेतात.

मी दर वेळी सांगायला जाते, बाबा, मी धाकटी...

पण तोंडून "ओ" एवढंच निघतं.