कमरेला दोर नव्हता

हळदीची कढई उकळायला अजून वेळ हाय. बसा अशे. हे माझ्या भाच्याचं हाय, विजयकुमारचं. मी तिथं होतो, म्हणून सांगतो.

विजयकुमार नाटकाचं शिकून राहिला होता. देवाची सोंगं, त्यातलं गाणं-वाजवणं, ते कुठून आलं, यावर त्याचं संशोधन चालू होतं. तीन सालांमागं, वैशाखातल्या चौदशीला, नरसिंहाच्या जन्माला, मी त्याला घेऊन आपल्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढं एका खेड्यात गेलो. तिथलं नरसिंहाचं सोंग एकेकाळी लई नावाजलेलं. मंग बंद पडलं.

काहून? नेमसिंग नावाचा गडी नरसिंह व्हायचा. त्याच्या अंगात यायचं, म्हणून चौघं जण कमरेला दोर बांधून धरायचे. एका साली दोर सुटला. समोर हिरण्यकश्यप झालेल्या माणसाचा त्यानं गळा फाडला. खराखुरा. लोकांनी नेमसिंगला तिथंच कुऱ्हाडीनं तोडलं. मुखवट्यासकट.

भाच्याला ते सोंग एकदा व्हिडिओत पाहिजे होतं. नेमसिंगचा पोरगा लालसिंग ऐकेना. भाचा त्याच्या दारात जाऊन जाऊन बसला. शेवटी लालसिंग म्हणला, "बापाचंच काम हाय. करतो. पण समोर कोण उभं राहील?"

"मी राहतो," भाचा म्हणला.

लालसिंगची म्हातारी माय, चतुराबाई, ओसरीत गहू निवडत होत्या. "तू नको रे लेकरा," एवढंच म्हणल्या.

दिवस बुडता बुडता देवळापुढं सोंग उभं राहिलं. मागं पडदा, पुढं कागदाचा खांब. मी झांज घेतली. लालसिंग पडद्यामागच्या खोलीत, चौघांनी दोर धरलेला. भाच्यानं मोबाईल ओट्यावर लावला, मुकुट घातला, अन् गदेनं खांबाला ठोकलं. "कुठं हाय तुझा देव?"

खांब फाटला.

तो बाहेर आला. मुखवटा, आयाळ, उघडं अंग. आमी वाजवणं वाढवलं. लोकांनी जयजयकार केला. त्यानं भाच्याला उचललं, उंबऱ्यावर बसला, मांडीवर आडवं घेतलं. बराबर. सोंगात असंच असतंय.

मंग माझं ध्यान गेलं...

दोर न्हाई. कमरेला दोर न्हाई.

भाचा किंचाळला. लोकं खुश. पोरगं झकास करून राहिलं म्हणले. तवर त्याची बोटं भाच्याच्या खांद्यात शिरली. पार आत. मांस फाटल्याचा आवाज आला. रक्त माझ्या झांजेवर उडालं. एक गडी धावला. त्याला भिंतीवर आपटलं. हाड मोडलेलं आमी ऐकलं. दुसरा धावला. त्यालाबी फेकलं, तो उठलाच न्हाई. मंग नरसिंहाचा हात भाच्याच्या गळ्याकडं गेला...

झांज बंद. सगळंच बंद.

चतुराबाई उठल्या. डोक्यावरून पदर घेतला, नव्या नवरीवानी. पुढं गेल्या.

"अहो..."

तो थांबला.

"बास करा. लेकरू हाय ते. जावा आता तुमी..."

त्यानं हात बाहेर काढला. उठला. पडद्यामागं गेला.

आमी कुऱ्हाडी घेऊन आत घुसलो. खोलीत लालसिंग उभा. कमरेला दोर. दोर धरलेले चौघं. मुखवटा खुंटीला, कोरडा.

"तुमी हाकच दिली न्हाई," लालसिंग म्हणला. "कवाचा वाट पाहून राहिलो."

बाहेरचं काही म्हणता काही त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

भाच्याला जीपमधी घालून हिंगोलीला नेलं. वाचला. उजवा हात अजून वर जात न्हाई. मोबाईलचा तर पळापळीत चुरा झाला. भिंतीवर आपटलेला बरा झाला. दुसऱ्याला आमी तिथंच जाळलं.

डॉक्टरनं भाच्याच्या खांद्यातून एक नख काढलं. माणसाचं. जाड, पिवळं, मुळासकट उपटलेलं. लालसिंगची दहाही बोटं मी सोता पाहिली. नखं जागच्या जागी.

भाच्यानं ते कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलं होतं. औंदा दिवाळीला गेलो, तर साबणाच्या डबीत दिसलं.

"डबी काहून बदलली रे?"

त्यानं डबीचं झाकण दाबून लावलं. मंग म्हणला...

"मामा, त्या डबीत मावेना ते."