शुक्रवारची कॅसेट

बुधवारी सकाळी निजामोद्दीननं शकीलाची कॅसेट लावली, तर नुसती खरखर.

अमेरिकेतल्या कापूस वेचणाऱ्यांची ब्लूज गाणी त्यानं एक्याऐंशी साली रेडिओवर ऐकली, तेव्हा तो परतूरला जिनिंगमध्ये गाठी उचलायचा. पुढं तो तशी गिटार शिकला आणि ती लंडनपर्यंत गेली. आता, सतरा वर्षांनी, नव्या रेकॉर्डवर वारलेल्या बायकोचं, शकीलाचं, गाणं यायचं होतं. तिचा आवाज या एकाच कॅसेटवर होता.

दुपारी त्याच्या बोलावण्यावरून जालन्याचे खासगी गुप्तहेर मच्छिंद्र आले. सोबत जीप चालवणारा कडूबा.

"हिला हात कोण लावतं?"

"कोनी न्हाई. रोज सकाळी मीच पुसतो. ऐकतो फक्त जुम्म्याला. आज मुंबईहून रेकॉर्डवाल्यांचा फोन आला, म्हणून लावली."

कॅसेटवर शकीलाच्या हातची उर्दू अक्षरं होती. स्क्रू खरडलेले. आतली टेप कोरी, चकचकीत.

"साहेब, इथला कॅसेट दुरुस्त करनारा भिवाच असनार," कडूबा कुजबुजला.

निरोप गेल्यावर भिवा दुकानातून तणतणत आला. "दिवसाला धा कॅसेटा उघडतो मी. स्क्रू असा खरडला तर दुकान बंद करीन! टेप घासून राह्यली, कॉपी करा म्हणलं, तर भाई माझ्यावरच वरडले."

"तुटली-बिटली तर? बिलकुल देनार न्हाई म्हणलं मी," निजामोद्दीन म्हणाला.

मुलगी फरजाना शिलाई मशीनवर होती. मशीनच्या खणात बॉबिना आणि रुंद पात्याचा पेचकस.

"मला काय विचारता?" तिनं मान वर केली नाही.

मच्छिंद्रांनी सगळ्यांना बसवलं.

"चोरानं आख्खी कॅसेट नेली असती. इथं कोरी टेप घालून जुनी नेली, पण शकीलाबाईंचं अक्षर जागेवर ठेवलं. भाई ते रोज पुसतात आणि जुम्म्यापर्यंत ऐकत नाहीत, हे घरच्यालाच ठाऊक. कारागिराचा हात घसरत नाही. हे स्क्रू शिलाई मशीनच्या पेचकसानं खरडलेत."

मशीन थांबलं.

"औरंगाबादच्या स्टुडिओत दिलीय, अब्बा. साफ करून कॉपी करायला. उद्या येईल. तुम्ही हो म्हणला नसता. अन् अम्मीचा आवाज दर जुम्म्याला कमी होऊन राह्यला होता."

निजामोद्दीननं कॅसेटवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मला पन कळत होतं, बेटा."

"म्हंजे कुणाला पकडायचंच न्हाई?" कडूबा म्हणाला. "मंग डिझेल फुकट गेलं की!"

गुरुवारच्या एसटीनं टेप आणि तिची कॉपी आली. गाण्याआधी शकीला घसा साफ करते, तेसुद्धा ऐकू आलं. निजामोद्दीननं भिवाला आणखी दोन कॉपी काढायला सांगितल्या.

रेकॉर्डसाठी तिच्या आवाजासोबत गिटार वाजवायची आहे. अजून तो नुसता तिला ऐकतो; गिटारला हात लावलेला नाही.