पदर उलटा घेणारी आई

"माझी आई बदललीय. लवकर या."

विमा कंपनीच्या ख्राइस्टचर्च ऑफिसात सोमवारी आलेला हा फोन मराठीत होता, म्हणून फिरत फिरत दावे तपासणाऱ्या अनुराधाच्या टेबलावर पोचला. बोलत होत्या द्रौपदीआजी, वय शहाऐंशी. नंबर त्यांना एका चित्राच्या फ्रेममागच्या स्टिकरवर मिळाला होता.

भूकंपानंतर अनुराधाने निम्म्या शहराच्या भिंती तपासल्या होत्या. कुठली भेग भूकंपाची आणि कुठली मालकाच्या हातोडीची, हे तिला दारातूनच कळे. त्या कामात मन बधिर होतं. माणसं रडली काय नि ओरडली काय, आपण नोंद करायची.

आजींच्या हॉल्सवेलच्या घराचं दार मुलाने, जगदीशने उघडलं.

"सॉरी हं, अनुराधाताई. आईचं हल्ली असंच. गुरुवारी तिला रेस्ट होमला, वृद्धाश्रमात, हलवतोय. बायकोने शोधलंय. दाराला कोड असतो तिथे, बाहेर पडायची भीती नाही."

"त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं."

चित्र हॉलमध्ये होतं. अर्नाऊ रुबिरा हा कॅटलान चित्रकार स्पेनच्या यादवीनंतर परागंदा होऊन मुंबईत आला आणि गिरगावात आजींच्या माहेरी वरच्या खोलीत राहिला. मेक्सिकोला निघताना निरोपाचं म्हणून त्याने हे कुटुंब रंगवलं. बापाच्या डोक्यावर टोपीच्या जागी बोट, कोटाचा रुमालाचा खिसा त्याच्या उजव्या छातीवर. पाच वर्षांच्या द्रौपदीला पायांऐवजी मुळं. आईच्या मांडीत समुद्र. आईचा चेहरा मात्र साधा, माणसाचा. डाव्या नाकपुडीत नथ, डाव्या खांद्यावर पदर, आपल्या बायका घेतात तसा.

"ही माझी आई नाही," आजी शांतपणे म्हणाल्या.

"कशावरून, आजी?"

"मी इकडे पदर घेते, तर ती तिकडे घेते. पूर्वी माझ्याबरोबर घ्यायची."

जगदीशने छताकडे पाहिलं. "बघा."

"आईचा दुसरा फोटो आहे का?"

"नाही गं. होती ती एवढीच."

सून विभावरी चहा घेऊन आली. घरात सगळे थकलेले. हिचीच इस्त्री मोडली नव्हती.

"चित्र घराबाहेर कधी गेलं होतं?"

"जुलैत," जगदीश म्हणाला. "काच बदलायला, फ्रेमवाल्या कॉलिनकडे. तीन आठवडे. बदललं असेल तर त्यानेच. आईच्या समाधानासाठी पोलिसांत जाईन म्हणून सांगितलंय त्याला."

"पेंटही करतो म्हणे तो," विभावरीने जोडलं.

"घरात कोण काढतं चित्रं?"

सोफ्यावरून नातवाने, सारंगने हात वर केला. "मी. पोर्ट्रेट्स, हीप्स ऑफ देम. बट आय डिडन्ट टच इट."

"आणि तुम्ही?"

"पुण्याला शिकले होते," विभावरी म्हणाली. "आता कुठलं हो! वीस वर्षांत ब्रश हातात नाही."

गाडीत बसून अनुराधाने चित्राच्या विम्याची जुनी फाइल उघडली. फोटोत फ्लॅशचा गोळा नेमका आईवर पडलेला. किंमत ठरवायला आलेल्या गोऱ्याने मात्र नीट लिहिलं होतं: पुरुषाचा खिसा उजवीकडे, स्त्रीच्या नाकातली रिंग उजवीकडे, वस्त्र उजव्या खांद्यावर. ती हसली. आपल्या बायकांचं डावं-उजवं गोऱ्याला काय कळणार!

कॉलिन दुकानात खुर्चीवर नुसता बसून होता. पोलिसांच्या धमकीनंतर दोन दिवस त्याने काम घेतलं नव्हतं.

"तीन आठवडे? माझ्याकडे चारच दिवस होतं." त्याने वही दाखवली. नेणाऱ्याची सही नुसती आडनावाची. "नेलं तेव्हा मी जेवायला गेलो होतो, मदतनिसाने दिलं. आणि हे बघा, मी नक्कल केली असती तर दिसतं तस्सं केलं असतं. तुमच्या त्या कापडातलं मला ओ की ठो कळत नाही."

निघताना तिने पर्स डाव्या खांद्यावर सरकवली. विकायला ठेवलेल्या आरशातल्या बाईनेही सरकवली, तिच्यासमोर, त्याच बाजूला.

अनुराधा थबकली.

बुधवारी सगळे हॉलमध्ये बसले.

"आजी बरोबर आहेत," ती म्हणाली. "रुबिराने हे कुटुंब आरशात बघून काढलं. म्हणून बापाचा खिसा उजवीकडे, एरवी कोटाला तो डावीकडे असतो. फाइलमध्ये तिन्ही गोष्टी उजवीकडे आहेत. मग एकाच आरशात बाप उलटा आणि आई सुलटी कशी? आजी ऐंशी वर्षं या आईसमोर पदर नीट करताहेत. आरशासारखी ती त्यांच्याबरोबर करायची. आता करत नाही."

"म्हणजे ही नक्कल?" जगदीश उठून चित्राजवळ गेला.

"हो. आणि नक्कल करणाऱ्या हाताने आईला नकळत दुरुस्त केलं. कॉलिन करणार नाही, त्याला साडी ठाऊक नाही. सारंग, पदर कुठल्या खांद्यावर घेतात?"

"अं... एनी?"

"जगदीशभाऊंना रेघ ओढता येत नाही. उरला तो हात, ज्याने हजारदा डाव्या खांद्यावर पदर टाकला. त्याला उजवा पदर काढवेना. पुरुषांच्या खिशाची त्याला सवय नव्हती. तो जसाच्या तसा उतरला. विभावरीताई, कॉलिनकडून चित्र तुम्हीच नेलंत."

विभावरीने कप बशीत ठेवला. आवाज झाला नाही.

"गॅरेजमध्ये आहे. नळीत. बार्सिलोनाचा विकत घेणारा माणूस शुक्रवारी नेणार होता."

"आजी गुरुवारी गेल्यावर."

"हो."

"त्या खरं बोलताहेत, हे या घरात फक्त तुम्हाला माहीत होतं. तरी कोड लावलेलं दार शोधलंत."

"वीस वर्षं माझं एक चित्र या भिंतीवर लागलं नाही," मीटरचा आकडा वाचावा तशी विभावरी म्हणाली. "एकदाचं लागलं, तर कुणाला कळलंसुद्धा नाही."

जगदीशने रेस्ट होमला फोन करून जागा नको म्हणून सांगितलं. बायकोकडे पाहिलं नाही. सारंगने नळीतलं चित्र उलगडून भिंतीशी धरलं.

आजी समोर उभ्या राहिल्या. डाव्या हाताने पदर डाव्या खांद्यावर ओढला. समोरच्या आईचाही पदर त्याच बाजूला होता.

"आली," त्या म्हणाल्या.

मग खाली उतरवून ठेवलेल्या नकलेपाशी वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हात चांगला आहे गं तुझा, विभा. मला कधी दाखवलं नाहीस."

इतका वेळ कोरडी बसलेली विभावरी तेव्हा पहिल्यांदा तोंड झाकून घ्यायला पदर शोधू लागली. अंगात जीन्स-शर्ट होता.