फुंकर

"एक वाक्य, वन्सं! फक्त एक वाक्य बोलायचंय तुम्हाला... तेवढंही होत नाही तुमच्यानं?"

भावजयीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं ताईला वाटून गेलं. भांडणाऱ्या माणसाची समजूत घालता येते, पण असं हळू आवाजात बोलणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? भावजय दारातच उभी होती, खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून हातातल्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि पुन्हा सोडवत होती.

"उद्या चौकशी समितीपुढं यायचं आणि म्हणायचं, मी त्या कारखान्यात जन्म काढला आणि मी ठणठणीत आहे. बस्स! खोटं का आहे ते?"

ताईनं रुमालाचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं.

"ज्या भावाला पोटच्या पोरासारखं वाढवलंत, त्याच्या तोंडाला लोक काळं फासतायत... आणि तुम्ही मूग गिळून बसलाय. त्याच्या सत्काराला आला नाहीत, आमच्या घरी येणं सोडलंत, विचारावं तर एकच, गुडघे दुखतात! परकी माणसं वाईट बोलली तर सोसतं हो, वन्सं. पण आपली माणसं गप्प बसली की नाही सोसत!"

एवढं बोलून ती गेलीसुद्धा. ताईनं तिला मागून हाक मारली नाही. हाक मारायला लागतो तेवढा श्वास छातीत नव्हता, हे खरं कारण. पण ते बिचाऱ्या भावजयीला कुठून ठाऊक असणार!

ताईचा धाकटा भाऊ डॉक्टर होता, पण गोळ्या-औषधं देणारा नव्हे. शेजारीपाजारी सर्दी-पडसं घेऊन त्याची चौकशी करत आले की ताई हसून सांगायची, "अहो, तो माणसांचा डॉक्टर नाही, गर्दीचा डॉक्टर आहे!" रोग कुठून येतो, कुणाला धरतो आणि कुणाला सोडतो, हे तो शेकडो-हजारो माणसं तपासून शोधून काढायचा. एका वस्तीतली पोरं सारखी जुलाबानं आजारी पडत होती, तेव्हा नेमका कुठला नळ दोषी ते त्यानं दारोदार हिंडून शोधलं होतं, आणि पुढं विद्यापीठात एका मोठ्या विभागाचा तो प्रमुख झाला होता. कुठल्याही सभेत उभा राहिला की आधी म्हणायचा, "मी जो काही आहे, तो माझ्या ताईमुळं." ते ऐकून ताई घरी येऊन गुपचूप रडायची. सुखानं, अर्थात!

आई-वडील गेले तेव्हा ताईचं स्वतःचं वय ते काय होतं? पण भाऊ शाळेत जात होता, आणि कुणीतरी कमावायलाच हवं होतं. ती कपबशांच्या कारखान्यात लागली. भट्टीत जाण्याआधी वाळलेल्या कच्च्या कपांच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या, हे तिचं काम. दिवसभर पांढरी बारीक भुकटी उडायची, केसांवर, पापण्यांवर, ओठांवर बसायची. संध्याकाळी ती घरी आली की धाकटा टाळ्या पिटायचा, "ताई म्हातारी झाली! ताई म्हातारी झाली!" मग ती त्याच्यासमोर वाकून केस झटकायची आणि म्हणायची, "बघ, झाले का काळे?" एक चांगलं स्थळ आलं होतं तिला, मुलगा शांत होता, तिला आवडलाही होता... पण धाकट्याचं शिक्षण अजून व्हायचं होतं. तिनं नकार कळवला, आणि त्याबद्दल पुन्हा कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

आणि त्याच कारखान्यानं एक दिवस धाकट्याला बोलावलं होतं.

कारखान्याची धूळ फुफ्फुसं खाते, अशी कुजबूज गावात सुरू झाली होती. मालकांनी विद्यापीठाला मोठी देणगी दिली आणि म्हटलं, शास्त्रीय तपासणी करा, आम्हाला खरं काय ते हवंय. मॅनेजर तर धाकट्याच्या गळ्यातच पडला, "तुमच्या ताई आमच्याकडे होत्या, म्हणजे तुम्ही घरचेच!" धाकट्यानं स्वतःसाठी एक पैसा घेतला नाही. ताईच्या मैत्रिणींचं भलं होईल, एवढंच त्याच्या मनात होतं. कामावरच्या प्रत्येक माणसाला त्यानं यंत्रात फुंकायला लावलं, प्रत्येकाची छाती तपासली, आकडे तीन-तीनदा पडताळले. ताई त्या तपासणीच्या थोडंच आधी काम सोडून घरी बसली होती. गुडघे दुखतात, असं तिनं सांगितलं होतं.

गुडघे! त्या बिचाऱ्या गुडघ्यांना काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथं धाकट्याला कुणी ओळखणार नाही अशा एका दवाखान्यात जाऊन ती तपासून आली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, "धूळ बसलीय, ताई. आता यातून माघार नाही, फक्त जपायचं." बाहेर येऊन ताई बाकावर बसली, आणि पहिला विचार तिच्या मनात आला तो हा, की धाकट्याला कळलं तर तो जन्मभर स्वतःला दोष देत राहील. आपल्या शिक्षणापायी बहिणीचा श्वास गेला म्हणेल... नको गं बाई!

नंतर एके दिवशी त्याचा फोन आला. आनंदानं नुसता फसफसत होता. "ताई, चांगली बातमी! तुमच्या कारखान्यात काही धोका नाही. सगळ्यांच्या छात्या तपासल्या, इतर लोकांपेक्षाही बऱ्या निघाल्या!" ताईनं फोन लांब धरून खोकला गिळला आणि म्हणाली, "छान झालं हो, बाळा." त्या दिवसापासून तिला वाटायला लागलं की दोष आपल्याच देहात असेल. एवढा शिकलेला भाऊ, हजार माणसं तपासून सांगतो, तो का चुकेल? आपलंच शरीर नतद्रष्ट! तिच्या बाकावरच्या ज्या दोघी-तिघी तिच्यासारख्याच घरी बसल्या होत्या, त्यांनाही तिनं हेच सांगितलं.

मग वर्तमानपत्रात छापून आलं. संशोधनाला पैसा कारखान्याचा, निकाल कारखान्याच्या सोयीचा! 'विकलेला शास्त्रज्ञ' म्हणून त्याचा फोटो आला. ज्या विद्यार्थ्यांना त्यानं बोटाला धरून शिकवलं, ते त्याच्या वर्गातून उठून गेले. विद्यापीठानं चौकशी नेमली, आणि आता सगळ्यांना आठवण झाली ती ताईची. तिच्याइतका भक्कम साक्षीदार दुसरा कोण?

खोटं बोलावं तर जिभेवर येत नव्हतं, आणि खरं बोलावं तर भाऊ बुडत होता. म्हणून ती गप्प राहिली, आणि गप्प राहून भाऊ आणि भावजय दोघांच्याही मनातून उतरली.

त्याच दिवशी दुपार कलल्यावर धाकटा स्वतःच आला. दाढी वाढलेली, शर्टाची इस्त्री मोडलेली. ताईनं चहा नुकताच करून किटलीत भरून ठेवला होता; हल्ली ती सगळी कामं अशीच थांबत-थांबत आधी उरकून ठेवायची, म्हणजे येणाऱ्यासमोर उठायला लागू नये.

"मी तुला आग्रह करायला आलो नाही, ताई," तो समोरच्या स्टुलावर बसत म्हणाला. "फक्त एक विचारायला आलोय. तुलाही वाटतं का, मी विकला गेलो?"

"वेड्या! असं कसं मनात आणतोस?"

"मग येत का नाहीस? लोक म्हणतात, सख्खी बहीणसुद्धा याच्या बाजूला उभी राहत नाही, म्हणजे काहीतरी असणारच."

"चहा घे आधी."

"नको मला चहा!" असं म्हणतही त्यानं कप ओढला आणि किटली उचलली. झाकण निसटलं आणि कढत चहा त्याच्या मनगटावर सांडला.

"आई गं!"

ताई कधी उठली ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि लहानपणी घालायची तशी फुंकर घातली. "फू... फू..." पडला, खरचटलं, भाजलं, की ती अशीच फुंकर घालायची आणि म्हणायची, "गेलं बघ!" आणि ते खरंच जायचं! पण आज दुसऱ्या फुंकरीनंतर तिसरी आलीच नाही. ओठांचा चंबू तसाच राहिला, श्वास मात्र कुठं अडला कुणास ठाऊक... मग खोकला उसळला. ती खुर्चीत कोसळली, खोकता-खोकता वाकली, हातानंच त्याला सांगत राहिली, काही नाही रे, काही नाही.

ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना यंत्रात फुंकायला लावलं होतं, त्याला आता यंत्राची गरज उरली नव्हती. त्यानं तिला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि तो श्वास तळहाताखाली नुसता ऐकत राहिला. स्वतःच्या भाजलेल्या मनगटाकडे त्यानं पाहिलंही नाही.

"काम का सोडलंस, ताई?" खोकला ओसरल्यावर त्यानं विचारलं.

"गुडघे..."

"ताई!"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "श्वास पुरत नव्हता रे, बाळा. जिना चढवत नव्हता. म्हणून तुझ्याकडे येत नव्हते. तुझ्यावर रागावून नाही, तुझी शपथ..."

"आणखी कोणी सोडलं? तुझ्या बाकावरच्या?"

तिनं सांगितलं. एक लेकीकडे राहायला गेली होती, एक अंथरुणाला खिळली होती, एक गेलीच होती. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"जे कामावर उभे होते तेवढेच मी तपासले," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "ज्यांना उभं राहवत नव्हतं ते आधीच घरी गेलेले. मागं उरले ते धडधाकट, मग छात्या चांगल्या निघणार नाहीत तर काय! कारखानेवाले म्हणाले, हजर कामगार तपासा, हॉल देतो, चहा देतो. मला सोयीचं वाटलं. हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो, ताई... आणि त्यांच्या हॉलमध्ये बसून, त्यांचा चहा पिताना, मला सुचलं नाही. मी विकला गेलो नाही गं. त्यांना मला विकत घ्यायची गरजच पडली नाही!"

त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखा रडला. त्याची ती अवस्था ताईला बघवेना. एवढे दिवस जे जिभेवर येत नव्हतं, ते आता तिनं ओढून आणलं.

"मी येते उद्या. म्हणते ते वाक्य. माझं काय रे, पिकलं पान! तुझं नाव राहू दे."

त्यानं डोकं वर केलं. "आणि तुझ्या बाकावर आज जी पोरगी बसलीय, तिचं काय?"

ताईनं रुमाल ओला करून त्याच्या मनगटावर गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी समितीपुढं तो एकटाच गेला. मला कुणी खोटं बोलायला लावलं नाही, असं त्यानं सांगितलं. माझे आकडे खरे आहेत, पण निष्कर्ष चुकीचा आहे, आणि चूक माझी आहे; तो निष्कर्ष मी मागं घेतो. ज्यांनी त्याला दोषी म्हटलं होतं ते गडबडले आणि ज्यांनी पाठराखण केली होती ते चिडले. प्रमुखपद गेलं, आणि पदाबरोबर विद्यापीठाचं घरही. वर्तमानपत्रानं ही बातमी आतल्या पानावर, अगदी खाली छापली. बदनामीला पहिलं पान असतं, कबुलीला कुठलं असणार?

त्या संध्याकाळी भावजय पुन्हा ताईच्या दारात उभी राहिली. या वेळी पर्स खाली ठेवली, आत आली आणि ताईच्या पायाशी बसली.

"मला का नाही सांगितलंत, वन्सं? मी किती बोलले हो तुम्हाला... माझी जीभ झडली कशी नाही!"

"झडली असती तर माझ्याशी भांडलं कोण असतं?" ताई म्हणाली, आणि दोघीही रडता-रडता हसल्या.

"नवं घर बघितलंय," डोळे पुसत भावजय म्हणाली. "लहान आहे, पण तळमजल्यावर आहे. एकही पायरी नाही, मी स्वतः बघून आले. तुमची खोली मागच्या बाजूला, खिडकीची. नाही म्हणायचं नाही."

ताई नाही म्हणाली नाही.

त्याच घरातून धाकट्यानं नवी तपासणी सुरू केली. पाठीशी देणगी नव्हती की हॉल नव्हता. वर्गातून उठून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण मान खाली घालून परत आले, आणि काम सोडून घरी बसलेल्यांची घरं शोधत सगळे दारोदार हिंडायला लागले. पण पहिला दिवस त्यानं राखून ठेवला होता. सकाळी यंत्र घेऊन तो मागच्या खोलीत आला आणि खुर्ची ओढून ताईसमोर बसला, अगदी परक्या माणसासमोर बसावं तसा. ताईला हसू आलं.

"खोकला येतो?"

"येतो."

"जिना चढताना दम लागतो?"

"गुडघे..." सवयीनं तिच्या तोंडून निघालं. भावजयीनं शेजारून तिचा हात दाबला. ताईनं भावाच्या डोळ्यांत पाहिलं. "लागतो रे. खूप लागतो."

"आता यात फुंक. होईल तेवढंच."

तिनं नळी ओठांत धरली आणि फुंकर घातली. काटा जरासा हलला आणि थांबला. 'गेलं बघ' असं म्हणण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि आकडा लिहिला.

"लिहिलंस?" तिनं विचारलं.

"लिहिलं, ताई. सगळ्यांत पहिलं."