सावलीचं ताट

टोफू संपायच्या आत पोचावं म्हणून तोमिए सकाळीच घरातून निघाली. बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर बर्फ घट्ट झालं होतं, म्हणून ती कुंपणांना हात लावत सावकाश चालली. दुकानात शेजारच्या कुमे काकू आधीच येऊन बसल्या होत्या. टोफूवाला पिंपातल्या गार पाण्यात कोपरापर्यंत हात घालून पांढऱ्या वड्या अलगद वर काढत होता.

"एकच ना?" त्याने विचारलं.

"दोन. एक यांच्यासाठी."

तिचा नवरा एईसाकु ज्या होडीवर कॉड मासे पकडायला गेला होता, ती होडी वादळानंतर परतलीच नव्हती. शोधायला गेलेले लोकही रिकाम्या हातांनी परत आले होते.

"उद्या देवळातले भिक्षू मेलेल्यांचे मंत्र म्हणायला येणार," कुमे काकू म्हणाल्या. "होडीवरच्या बाकीच्यांच्या घरांनी होकार दिला. तुझी सासू तेवढी अडून बसलीय. म्हणे, झाकण ओलं आहे तोवर माझा मुलगा जिवंत आहे! अगं, उकळत्या सारावर झाकण ठेवलं की थेंब धरणारच. माझ्या मेलेल्या नवऱ्यासाठी ठेवलं तरी धरतील."

"एकदा ठेवून बघा," टोफूवाला म्हणाला. "जिवंतपणी कधी गरम वाढलं नाहीत, निदान आता तरी वाढा."

"गप रे मेल्या!" असं म्हणून काकू स्वतःच हसल्या. मग तोमिएच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "मी वाईटावर नाही गं. पण म्हातारीला किती दिवस झुलवायचं?"

टोफूवाल्याने पिंपाच्या तळाशी चाचपून एक वडी निवडली. "एईसाकुला घट्ट आवडतो," एवढंच तो म्हणाला.

त्या गावात घरचं माणूस दूर गेलं की रोज त्याचंही पान मांडत. सावलीचं ताट म्हणत त्याला. भात, सार, कोंड्यात मुरवलेला मुळा आणि जेवायच्या काड्या त्याच्या नेहमीच्या जागी ठेवायच्या. बाकीच्यांचं जेवण झालं की साराच्या वाडग्याचं झाकण उचलून बघायचं. आतून थेंब धरले असतील तर माणूस सुखरूप. मग ते गार झालेलं अन्न घरच्यांनीच संपवायचं. पण एकदा का भिक्षूंनी मंत्र म्हटले आणि भातात काड्या उभ्या रोवल्या, की ते ताट मेलेल्याचं. त्यानंतर त्या माणसाला घरी बोलवायचं नसतं. त्याची वाट तिथेच मिटते.

सासूबाईंचे, इसेबाईंचे, डोळे मोतीबिंदूने गेले होते. त्या झाकणाच्या आतून बोट फिरवून बघत. त्यांनी भिक्षूंना शब्द दिला होता, की आज झाकण कोरडं निघालं तर उद्या मी काड्या रोवू देईन.

दिवस मावळताना तोमिएने सार केलं. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा, मुळा, समुद्रातली पालेभाजी आणि वरून टोफूचे तुकडे. एईसाकुच्या काळ्या लाखेच्या वाडग्यात उकळतं सार ओतलं, झाकण घातलं. दोघी चुलीपाशी बसून जेवल्या. बाहेर वारा पडला होता. इतका, की लाटांचा आवाजही येईना. एरवी त्या घरात समुद्र ऐकू आला नाही असं कधी होत नसे.

"उचल," सासूबाई म्हणाल्या.

तोमिएने झाकण उचललं. वाडग्यातून वाफ भसकन वर आली, तिच्या कपाळाला लागली. आणि झाकण... झाकण कोरडं होतं. नुकतं फडक्याने पुसून ठेवावं तसं. तिने ते पुन्हा वाफेवर धरलं. वाफ काळ्या लाखेला टेकत होती आणि बाजूने निघून जात होती. एक थेंब धरत नव्हता.

"काय गं?"

"काही नाही आई... गरम आहे जरा."

म्हातारीचा हात पुढे आला होता. विचार करायला वेळ नव्हता. तोमिएने झाकण तोंडाजवळ धरलं आणि होता नव्हता तेवढा श्वास त्यावर सोडला. लाखेवर गोल धुकं उमटलं, तोंडाएवढं. तिने तसंच ते सासूबाईंच्या हातात दिलं.

इसेबाईंनी बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग ते बोट जिभेला लावलं.

"ओलं आहे," त्या म्हणाल्या. "पण... खारट कसं?"

तोमिए रडली नव्हती. तिने स्वतः झाकणाला जीभ लावली. तोंडात समुद्राचं पाणी गेल्यासारखं झालं. त्याच वेळी खाली किनाऱ्यावर लाटांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी भिक्षू आले, तेव्हा इसेबाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. तोमिए खाली मान घालून बसली. आपण आंधळ्या माणसाला फसवलं, हे तिला बोचत होतं.

पण त्या आठवड्यातच उत्तरेकडच्या एका बोटीने निरोप आणला, आणि पाठोपाठ एईसाकु स्वतः आला. हातांच्या बोटांना पट्ट्या, गाल आत गेलेले. दारात उभा राहून तो म्हणाला, "आई, भूक लागली." इसेबाई त्याचा चेहरा चाचपत राहिल्या. सारं गाव दारात लोटलं. कुमे काकू सगळ्यांत मोठ्याने रडल्या आणि म्हणाल्या, "मी म्हणतच होते!"

संध्याकाळी लोक पांगल्यावर तो सांगायला लागला. "सोबतीचे गेले. मी एकटाच होडीच्या तळाशी पडून होतो. एका संध्याकाळी वाटलं, आता पुरे. डोळे मिटले. तेवढ्यात कुणीतरी तोंडावर ऊन श्वास सोडला. आपल्या मुळ्याचा वास होता त्याला. मी दचकून उठलो, तर समोर बोटीचा दिवा."

तोमिएच्या डोळ्यांना धार लागली. तिने दोघांसमोर सगळं सांगून टाकलं. इसेबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि कपाळाला लावले. सुनेपुढे सासू अशी कधी वाकली नसेल.

"तुझे उपकार," एईसाकु म्हणाला. "रोज फुंकर घालत होतीस म्हणून तर..."

"रोज नाही हो. मी एकदाच."

तो थांबला. "एकदाच?... मग त्याआधी रोज दिवेलागणीला कोण यायचं? डोळा लागला की कानाशी फुंकर. झोपू द्यायचं नाही. फक्त... ती गार असायची."

इसेबाई उठल्या, चाचपत फडताळापाशी गेल्या आणि एक जास्तीचा वाडगा काढून आणला.

"कोण का असेना," त्या म्हणाल्या. "आपल्या पोराला जागं ठेवलं. त्याचं पान मांड."

तोमिएने मांडलं. भात, मुळा, एईसाकुच्या वाट्यातला घट्ट टोफू. पातेल्यातलं सार गार झालं होतं, आणि चूलही विझत आली होती. तसंच ओतून तिने झाकण घातलं, डोकं टेकून नमस्कार केला आणि मनापासून आभार मानले. थोड्या वेळाने म्हातारी आणि एईसाकु झोपी गेले.

आवरताना तिने झाकण उचललं. गार साराला वाफ नव्हती. पण आतल्या काळ्या लाखेवर गोल धुकं होतं, तोंडाएवढं. ती बघत असतानाच ते कडेने आटत आटत मध्याशी आलं, विरलं... आणि सावकाश पुन्हा उमटलं. पुन्हा विरलं. पुन्हा उमटलं.

तोमिएने झाकण आवाज न करता जागेवर ठेवलं.

"सावकाश होऊ द्या," ती हळू आवाजात म्हणाली, आणि दिवा तसाच ठेवून मागे न बघता आत गेली.