मागची सीट

उद्या सातला निघायचंय ना तुम्हाला? मग ब्रेक आत्ताच बघून घ्या, सकाळी माझ्या डोक्याला कटकट नको. रस्ता झकास आहे. जुन्या शहराच्या कोटाभोवती सात किलोमीटरचा गोल, एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला खंदक. मोटार नाही, स्कूटर नाही, हॉर्न नाही. सगळे एकाच दिशेनं फिरतात, त्यामुळे समोरून कुणी अंगावर येत नाही. तुमच्यासारख्यांना तर स्वर्गच.

ती कोपऱ्यातली दोन सीटची? ती भाड्यानं मिळत नाही. का म्हणजे काय, नाही मिळत... बरं बाबा, सांगतो. पण मधे तोंड घालायचं नाही. आणि ए चष्मेवाली, ते दार ओढून घे, वारं येतंय.

माझ्या या दुकानात एक कारागीर होता, बावीस वर्षं. त्याला सगळे पान्या म्हणायचे. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याच्या खिशातून पाना डोकावतोय, आता बोला! सरळ माणूस. थाप मारायची म्हटली तरी कान लाल व्हायचे त्याचे. त्यानं जे सांगितलं तेच सांगतोय, पदरचं काही नाही.

पान्याचा धाकटा भाऊ आंधळा. अकराव्या वर्षी तापात डोळे गेले. आईनं जाताना धाकट्याचा हात पान्याच्या हातात दिला, आणि पान्यानं तो कधी सोडला नाही. धाकटा हुशार हो, हॉस्पिटलात टेलिफोनवर कामाला. हॉस्पिटल कोटाच्या पलीकडच्या अंगाला, घर इथं दुकानाच्या मागे. रोज रात्री साडेनऊला त्याची पाळी सुटायची आणि पान्या त्याला आणायला जायचा. ही दोन सीटची सायकल पान्यानं त्याच्यासाठीच जोडली होती.

आता या सायकलीचं एक समजून घ्या. पुढची आणि मागची पायडलं एकाच चेननं बांधलेली. एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरणारच. आणि मागच्यानं पुढच्याच्या हुकमात राहायचं. निघताना पान्या मान न वळवता विचारायचा, "बसलास?" वाऱ्यात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून धाकटा मागच्या हँडलवर बोटांनी वाजवायचा. टक टक. म्हणजे बसलो. पोचल्यावर पान्या म्हणायचा, "उतर." त्याशिवाय धाकटा पाय खाली टेकायचा नाही. बारा वर्षं हेच. पान्या झोपेतसुद्धा "बसलास?" म्हणतो असं त्याची बायको सांगायची.

तर अठरा नोव्हेंबर, मंगळवार. नऊ वाजून दहा मिनिटांनी पान्या एकटाच निघाला, मागची सीट रिकामी. थंडी होती, रस्त्यावर चिटपाखरू नाही. हॉस्पिटल किलोमीटरभरावर राहिलं तिथं एक मोरी लागते, जुन्या शहरातलं पाणी तिथून खंदकात पडतं. बरोब्बर मोरीवर चेन पडली. पान्या उतरला, अंधारातच चाचपून चेन चढवली, हात पँटीला पुसले, सीटवर बसला. आणि सवयीनं बोलून गेला.

"बसलास?"

टक टक.

हसू नकोस रे. तोही हसला होता. स्वतःशीच म्हणाला, काय वेडा माणूस मी, मागे कोण आहे? खडा बिडा उडाला असेल. पायडल मारलं. सायकल जड होती. दोन माणसांची असते तेवढी जड. त्याला वाटलं, चेन नीट बसली नाही. बघावं म्हणून त्यानं पाय थांबवले.

पायडलं थांबली नाहीत.

त्याचे पाय नुसते पायडलांवर टेकलेले, आणि पायडलं त्याच्या पायांना फिरवतायत. रस्ता सपाट. उतार नाही की वारा नाही. पान्यानं ब्रेक दाबला. रबराचा वास आला, सायकल थरथरली, पण मागून जोर वाढला. मागच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली... कुणीतरी बूड सावरून नीट बसावं तशी.

मागे वळून पाहिलं नाही त्यानं. मी विचारलं, का रे? म्हणाला, "मालक, मान वळेचना."

उडी मारावी असं मनात आलं होतं. पण समोर हॉस्पिटलच्या फाटकावरचा दिवा दिसायला लागला होता, धाकटा रोज उभा राहायचा तिथला. आपण उडी मारली, तर सायकल तशीच पुढे जाणार. आपल्याशिवाय. आणि फाटकात जाऊन थांबणार. धाकट्याला चेनच्या आवाजावरून सायकल कळायची, तो सीट चाचपणार आणि बसणार.

या विचारानं पान्याला घाम फुटला. स्वतःची भीती कुठल्या कुठे गेली, धाकट्याची भीती शिरली.

दिवा जवळ येत गेला तशी पायडलं सुसाट सुटली. जे कोणी मागे होतं, त्याला तिथं पोचायची घाई झाली होती. पान्यानं ब्रेक सोडला. ठरवलं, थांबायचंच नाही. "उतर" म्हणायचं नाही. इथं नाही.

धाकटा दिव्याखाली उभा. काठी मिटलेली, मान तिरपी. आवाज ओळखून हसला. "आलास, दादा?"

सायकल त्याच्यासमोरून सणसणत गेली.

"तिथंच थांब! हलू नकोस!" पान्या ओरडला. "आलोच मी!"

आणि मागून धाकट्याचा आवाज आला. "दादा... तुझ्या मागे कोण बसलंय?"

पुढं सहा किलोमीटर. फाटक मागं पडलं आणि पायडलं एकदम जड झाली. आता मागून जोर नव्हता, आता मागून विरोध होता. पान्याच्या मांड्या फाटायची वेळ आली. दात ओठ खाऊन एकेक फेरा मारायचा. भिंत सरेना. खंदक सरेना. घरावरून गेला. स्वयंपाकघरात दिवा होता, खिडकीत बायको उभी. हाक मारली नाही त्यानं. कशाला मारायची? बाहेर आली असती.

त्याच्या मानेवर गार श्वास येत होता. एका लयीत... थकल्यासारखा नाही. वाट बघत असल्यासारखा.

मोरी आली. पान्या थांबला. सायकल थांबली.

"उतरा," पान्या म्हणाला.

काही नाही. पाणी पडत होतं खाली.

"उतरा हो... पाया पडतो तुमच्या. तो आंधळा आहे. त्याचं माझ्याशिवाय कुणी नाही. उतरा..."

रडत होता तो. मला सांगतानासुद्धा रडला.

स्प्रिंग वाजली. सायकल हलकी झाली.

पान्या जो सुटला तो फाटकाशीच थांबला. धाकटा जिथं सांगितलं तिथंच उभा होता, गारठलेला. पान्यानं त्याचा हात धरून सीटवर ठेवला. या वेळी काही विचारलं नाही. "बसलास" नाही की काही नाही. ओठ घट्ट मिटले आणि निघाला.

सायकल छान चालली. पिसासारखी. वेशीपाशी तो चढ आहे ना, तुम्ही उद्या उतरून ढकलाल तो, तिथं धाकटा रोज धापा टाकायचा. त्या रात्री चढ कधी आला कळलंसुद्धा नाही. पान्याला वाटलं, आपल्याला भीतीनं बळ आलंय. वाटभर धाकटा एक अक्षर बोलला नाही.

घरी पोचले.

"उतर."

धाकटा उतरला. पान्यानं त्याला दोन्ही हातांनी धरलं. "झालं रे राजा. आलं घर. आता काही नाही."

"दादा," धाकटा हळूच म्हणाला, "तू आज विचारलं नाहीस."

"मुद्दामच नाही विचारलं."

"मला वाटलं, तुला माहीत आहे... तू घाबरशील, सायकल खंदकात जाईल, म्हणून मी गप्प बसलो."

"काय माहीत आहे?"

धाकट्यानं दादाची बाही धरली.

"दादा, मी सीटवर नव्हतो. मी कुणाच्या तरी मांडीवर होतो."

...

नाही. कोण होतं ते मला माहीत नाही. विचारू नका.

तेवढ्यात पान्याची बायको बाहेर आली. दोघांना आत घेतलं, मोठा दिवा लावला. धाकट्याच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली होती. बोटं वाकेनात म्हणून तिनंच ती उघडली. जॅकेट स्वच्छ होतं. कोरडं होतं, आतून आणि बाहेरून. ते काढलं आणि ती म्हणाली, "भावजी, शर्टाला हे काय लागलंय?"

पांढरा शर्ट. मी दुसऱ्या दिवशी स्वतः पाहिलाय. पोटावर दोन तळवे उमटले होते, हिरव्या शेवाळाचे, ओले. एकावर एक. लहान पोराला मांडीवर घेऊन आपण पोटाशी घट्ट धरतो ना... तसे.